आलेखाची चौकट कोण ठरवतं?

धुळे जिल्ह्यात तालुके चार: धुळे, साक्री, शिरपूर, शिंदखेडा. शेजारच्या जळगावात पंधरा. आता समजा तुम्हाला जिल्हावार रिपोर्ट बनवायचा आहे. विषय काहीही घ्या, कापसाचं क्षेत्र घ्या नाहीतर शाळांची पटसंख्या. साचा एकच आहे: वर जिल्हा निवडायचा, खाली आडवा स्तंभालेख, प्रत्येक तालुक्याला एक पट्टी. धुळ्यासाठी सहा सेंटिमीटर उंचीची चौकट ठेवली की चार पट्ट्या ऐसपैस बसतात. त्याच चौकटीत जळगाव निवडलं की पंधरा पट्ट्या एकमेकींच्या अंगावर येतात, आणि जागा पुरत नाही म्हणून सॉफ्टवेअर परस्पर एकाआड एक नाव गाळून टाकतं. मुक्ताईनगर दिसतं, बोदवड गायब. उलट, जळगावच्या मापाची चौकट धुळ्याला दिली तर चार पट्ट्या भिंतीएवढ्या जाड होतात आणि बघणाऱ्याला उगाच वाटतं की इथे काहीतरी फार मोठं घडलंय.

यात इतिहासही आहेच. १ जुलै १९९८ ला नंदुरबार जिल्हा वेगळा झाला. त्याआधी धुळे जिल्ह्यात दहा तालुके होते. म्हणजे १९९७ चा आणि १९९९ चा 'धुळे जिल्हा' एकाच साच्यात ओतला, तर एकदा दहा पट्ट्या आणि एकदा चार. आणखी मागे, १९०६ च्या आधी गेलात तर पूर्व आणि पश्चिम असे भागही नाहीत, अख्खं खानदेश एकच जिल्हा. माहितीचा आकार बदलतो. मग चौकटीने काय करायचं?

कंपन्यांच्या रिपोर्टिंगमध्ये याला व्हिज्युअलचा आकार आणि जागा डायनॅमिक करणं म्हणतात. ऐकायला फॉरमॅटिंगचं काम वाटतं. रिसर्चला नव्याने येणारे बरेच जण तसंच समजतात: आधी निष्कर्ष, मग लिखाण, आणि आलेखांची मापं शेवटच्या आठवड्यात, गाईड म्हणतील तशी. माझं म्हणणं वेगळं आहे. आलेख किती रुंद, किती उंच आणि पानावर कुठे, हा निर्णय म्हणजे निष्कर्षाचाच भाग आहे. अडीचशे वर्षांत हा निर्णय आलेख काढणाऱ्याच्या हातातून हळूहळू सॉफ्टवेअरच्या हातात गेला, तो कसा गेला ते या लेखात बघू.

सुरुवात तांब्याच्या पत्र्यापासून करावी लागते. विल्यम प्लेफेअर या स्कॉटिश माणसाचं 'कमर्शियल अँड पोलिटिकल ॲटलस' १७८६ मध्ये लंडनला निघालं. त्यात ४४ आलेख होते. त्यातले ४३ काळानुसार आयात-निर्यात दाखवणारे, आणि एक स्कॉटलंडच्या व्यापाराचा स्तंभालेख. हा एकच वेगळा का? कारण स्कॉटलंडचे एकाच वर्षाचे आकडे त्याच्याकडे होते, काळाची रेषा काढायला माहितीच नव्हती. स्तंभालेखाचा जन्म असा टंचाईतून झाला. ते जाऊ दे. आपला मुद्दा असा की हे आलेख तांब्याच्या पत्र्यावर कोरलेले होते. कोरणाऱ्याने पत्रा हातात घेण्याआधी रुंदी, उंची, अक्षावरची वर्षं, सगळं ठरलेलं असायचं. नंतर विचार बदलला तर पत्रा घासून पुन्हा कोरा, नाहीतर नवा पत्रा आणा. म्हणून चौकटीचा विचार आधी आणि तो करणारा माणूस लेखक.

प्लेफेअरचं दुसरं पुस्तक, १८०१ चं 'स्टॅटिस्टिकल ब्रेव्हियरी', आपल्याला आणखी जवळचं आहे. युरोपातल्या देशांबरोबर हिंदुस्थानातल्या सत्तांचाही हिशोब त्यात आहे, असं त्याचं लांबलचक शीर्षकच सांगतं. १८०१, म्हणजे पुण्यात दुसरा बाजीराव गादीवर होता तेव्हा. या पुस्तकात प्रत्येक देश म्हणजे एक वर्तुळ, आणि वर्तुळ जितकं मोठं तितका देशाचा भूभाग मोठा. पाय चार्टही पहिल्यांदा याच पुस्तकात आला.

इथे एक फरक नीट पकडून ठेवा, पुढे सतत लागेल. एक आकार असतो जो माहिती *वाहतो*: ब्रेव्हियरीतलं वर्तुळ, स्तंभाची लांबी. दुसरा आकार माहिती नुसती *ठेवतो*: आलेखाभोवतीची चौकट. पहिला बदलला तर आकडा बदलला. दुसरा बदलला तर आकडा तोच राहतो, असं वरवर वाटतं. दोन्हींची गल्लत आजच्या डॅशबोर्डवर रोज होते. शेजारी शेजारी दोन बबल चार्ट, एक मोठ्या चौकटीत आणि एक छोट्या. बघणारा इकडच्या बुडबुड्याची तुलना तिकडच्याशी करतो, पण दोन्हीकडचं प्रमाण वेगळं असतं.

पण मी 'वरवर वाटतं' का म्हणालो? त्यासाठी मुंबईला जावं लागेल.

मुंबईत प्लेग १८९६ ला आला आणि पुढची बरीच वर्षं हंगामी पाहुण्यासारखा परत परत येत राहिला. मृत्यूंची आठवडावार नोंद होत होती. त्यातल्या एका हंगामाची आकडेवारी, १७ डिसेंबर १९०५ ते २१ जुलै १९०६, पुढे जगभर प्रसिद्ध झाली, कारण १९२७ मध्ये केरमॅक आणि मॅकेंड्रिक यांनी रॉयल सोसायटीच्या प्रोसीडिंग्जमध्ये साथीच्या गणिताचा जो पेपर लिहिला त्यात त्यांनी ती वापरली. कोविडच्या काळात 'एसआयआर मॉडेल' हे नाव तुमच्या कानावरून गेलं असेल. त्याचं मूळ हा पेपर. मॅकेंड्रिक हे इंडियन मेडिकल सर्व्हिसमधले डॉक्टर. केरमॅक रसायनशास्त्रज्ञ, आणि १९२४ मध्ये प्रयोगशाळेतल्या स्फोटात त्यांची दृष्टी गेली होती. म्हणजे आज पाठ्यपुस्तकांत छापला जाणारा हा आलेख त्याच्या दोन लेखकांपैकी एकाने डोळ्यांनी कधी पाहिलाच नाही. माझ्या मते दृश्य मांडणीच्या इतिहासातली ही सगळ्यात विलक्षण गोष्ट आहे.

मुंबईच्या आकड्यांना त्यांनी जी वक्ररेषा जुळवली तिचं सूत्र असं: आठवड्याचे मृत्यू म्हणजे ८९० गुणिले हायपरबोलिक सिकंटचा वर्ग, आणि कंसात ०.२ गुणिले आठवडा वजा ३.४. घाबरू नका, घंटेसारखा आकार आहे. (मॉडेलवर टीकाही झाली आहे. प्लेगमध्ये उंदीर आणि पिसवा असतात, आणि इथे हिशोब माणसांचा. पण आपल्याला आज फक्त रेषा हवी आहे.) कंस शून्य होतो सतराव्या आठवड्यात, तिथे शिखर: ८९० मृत्यू. शिखराच्या निम्म्यावर रेषा साधारण साडेचार आठवडे आधी असते, आणि तितकेच आठवडे नंतर. चढ सगळ्यात तीव्र कुठे? सूत्राचं अवकलन करून बघा, चौदाव्या आठवड्याच्या जरा आधी. तिथे आठवड्याचे मृत्यू दर आठवड्याला जवळजवळ १३७ ने वाढत असतात.

आता हीच रेषा तीन चौकटींत काढू. आडव्या अक्षावर ३० आठवडे, उभ्या अक्षावर ० ते ९०० मृत्यू. आकडे तेच, अक्ष तेच, शून्यापासूनच सुरू.

पहिली चौकट १५ सेंटिमीटर रुंद, १५ उंच. एक आठवडा म्हणजे अर्धा सेंटिमीटर. सर्वात तीव्र जागी १३७ मृत्यूंची वाढ म्हणजे सुमारे २.२८ सेंटिमीटर चढ. कोन निघतो ७८ अंश. जवळजवळ भिंत.

दुसरी चौकट १५ रुंद, ५ उंच. कोन ५७ अंश. चांगला चढ, पण चढण्यासारखा.

तिसरी ३० रुंद, ५ उंच, डॅशबोर्डच्या वरच्या पट्टीत बसवतात तशी. कोन ३७ अंश. टेकडी.

एकाही मृत्यूचा फरक नाही. पण पहिल्या चित्राखाली तुम्ही लिहाल 'साथ अचानक उसळली', आणि तिसऱ्याखाली 'साथ क्रमाक्रमाने वाढली'. आणि दोन्ही वाक्यं लिहिताना तुम्ही प्रामाणिकच असाल! २०२० मध्ये सगळे म्हणत होते, कर्व्ह सपाट करा. माऊसने चौकटीचा कोपरा ओढला तरी तो सपाट होतो.

या गोष्टीचा पद्धतशीर अभ्यास व्हायला बराच काळ गेला. एडवर्ड टफ्टीने १९८३ च्या आपल्या प्रसिद्ध पुस्तकात आलेख आडवा असावा, उंचीच्या साधारण दीडपट रुंद, असा सल्ला दिला. पण तो बराचसा रुचीतून आलेला सल्ला होता. मग १९८८ मध्ये विल्यम क्लीव्हलंड आणि त्याच्या सहकाऱ्यांनी अमेरिकन स्टॅटिस्टिकल असोसिएशनच्या जर्नलमध्ये पेपर लिहिला, विषय थेट हाच: आलेखाच्या उंचीचं रुंदीशी प्रमाण. त्यांचं म्हणणं, आपला डोळा उतारांची तुलना करतो, आणि रेषेचे तुकडे ४५ अंशांच्या आसपास असले की ती तुलना सर्वात चांगली जमते. म्हणून चौकट अशी निवडा की रेषेचे उतार सरासरीने ४५ अंशांजवळ येतील. उदाहरण होतं सूर्यावरच्या डागांचं. साधारण अकरा वर्षांच्या चक्रात डाग वाढतात भराभर आणि कमी होतात सावकाश. उंच चौकटीत फक्त सुया-सुया दिसतात. चौकट लांबट आणि बुटकी केली की चढ-उतारातला हा फरक एकदम डोळ्यांत भरतो. म्हणजे चौकटीमुळे नुसता भास बदलला नाही, एक खरी वैज्ञानिक गोष्ट *दिसायला* लागली.

हा नियम घोकून ठेवू नका. २०१२ मध्ये टॅलबॉट, गर्थ आणि हॅनरहान यांनी प्रयोग करून दाखवलं की ४५ अंशांना तितकं खास स्थान नाही. रिसर्चमध्ये हे असंच चालतं, आणि लिटरेचर रिव्ह्यू लिहिताना १९८८ वर थांबलात तर चोवीस वर्षांनी आलेलं उत्तर तुमच्या हातून सुटतं.

आता आपल्या तालुक्यांकडे आणि सॉफ्टवेअरकडे येऊ.

एक्सेल १९८५ मध्ये मॅकिंटॉशवर आलं आणि १९८७ मध्ये विंडोजवर. सुरुवातीच्या काळात आलेखाची वेगळी फाईल असायची, एक्सएलसी नावाची. पुढे आलेख आकड्यांच्या तक्त्यावरच येऊन बसला आणि नवाच प्रश्न उभा राहिला: खालच्या ओळी-रकाने हलले, तर वर बसलेल्याने काय करायचं? एक्सेलने तीन पर्याय दिले, आजही तेच आहेत. सेलबरोबर हला आणि आकारही बदला. सेलबरोबर हला, पण आकार राखा. किंवा दोन्ही नको, जिथे आहात तिथे बसा. आलेखासाठी आपोआप निवडला जातो तो पहिला पर्याय. म्हणूनच कुणीतरी मधले दोन रकाने लपवतं आणि आलेख चिपाडासारखा होतो. मुंबईच्या प्लेगची टेकडी अशीच भिंत होऊ शकते, आणि कुणी आलेखाला हातही लावलेला नसतो.

१९९३ च्या एक्सेल ५ मध्ये व्हीबीए आलं आणि ऑफिसांमधल्या जुगाडू मंडळींना हत्यार मिळालं. आलेखाचे चार गुणधर्म: डावीकडून किती, वरून किती, रुंदी, उंची. चार ओळींचा मॅक्रो लिहिला की तालुके मोजून उंची बदलता येते. ही मापं पॉइंटमध्ये असतात, एक इंच म्हणजे ७२ पॉइंट. हा पॉइंट छापखान्यातून आलेला आहे, खिळ्यांच्या मापातून. छापखान्यात तो एका इंचात ७२ च्या किंचित वर बसायचा, कॉम्प्युटरवाल्यांनी बरोब्बर ७२ केला. आज स्क्रीनवर चौकट सरकवताना आपण शिशाच्या टाइपाचं एकक वापरत असतो.

ऑफिसातल्या छापील रिपोर्टचा रस्ता वेगळा होता. १९९० च्या दशकात क्रिस्टल रिपोर्ट्ससारख्या सॉफ्टवेअरने पान पट्ट्यांमध्ये विभागलं: वर हेडर, मध्ये तपशील, खाली फूटर. तपशिलाची पट्टी प्रत्येक नोंदीसाठी पुन्हा छापायची. इथे एखादी गोष्ट पानावर कुठे येणार हे आकड्यांत आधी सांगताच येत नाही. वरचं वाढलं की खालचं खाली ढकललं जातं, एवढाच नियम. मजकुराच्या चौकटीला 'वाढू दे' अशी परवानगी देता यायची. मला हा टप्पा फार महत्त्वाचा वाटतो, कारण इथे पहिल्यांदा *जागा* हा आकडा न राहता नातं झाली: मी कुणाच्या खाली आहे.

मात्र या सगळ्यात तक्ते वाढायचे, आलेख वाढायचे नाहीत. मायक्रोसॉफ्टची रिपोर्टिंग सर्व्हिसेस २००४ मध्ये आली, आणि तिच्या २००८ च्या आवृत्तीत आलेखाला डायनॅमिक हाइट आणि डायनॅमिक विड्थ असे दोन गुणधर्म मिळाले. त्यात आकड्याऐवजी सूत्र लिहिता येतं. मथळा आणि अक्षासाठी दोन सेंटिमीटर, अधिक प्रत्येक तालुक्याला एक सेंटिमीटर, असं सूत्र लिहा. धुळे सहा सेंटिमीटर. नंदुरबारचे तालुके सहा, म्हणून आठ. जळगाव सतरा. १९९८ च्या आधीचा धुळे जिल्हा बारा. बोदवडचं नाव गाळलं जात नाही, आणि मुख्य म्हणजे चारही पानांवर पट्टीची जाडी एकच राहते. आमच्या साक्रीची पट्टी शेजारच्या पानावरच्या चाळीसगावशी सरळ ताडून बघता येते. चौकट बदलली म्हणून पट्टी बदलली नाही. मघाशी पकडून ठेवायला सांगितलेला फरक तो हाच. रुंदीचा अक्ष मात्र चारही पानांना एकच ठेवावा लागतो, नाहीतर पट्टीच्या लांबीची तुलना फसते. सॉफ्टवेअर आपणहून असं करत नाही. ते प्रत्येक पानाच्या सर्वात मोठ्या आकड्याला चौकट भरून टाकतं.

टॅब्लोची कथा निराळी. २००३ मध्ये स्टॅनफर्डच्या संशोधनातून निघालेली ही कंपनी. त्यांच्या डॅशबोर्डवर आलेख एकमेकांना चिकटून फरशांसारखे बसवता येतात किंवा तरंगते ठेवता येतात, आणि पूर्ण डॅशबोर्डचं माप ठरीव, आपोआप किंवा दोन मर्यादांमधलं ठेवता येतं. वापरणाऱ्यांना हवं होतं ते वेगळंच: निवड बदलली की एक आलेख गायब आणि त्याच जागी दुसरा. तशी सोय नव्हती. मग लोकांनी शोधून काढलं की आलेखाचं शीर्षक लपवलं आणि फिल्टर असा लावला की त्यात एकही नोंद उरणार नाही, तर कंटेनरमधला तो आलेख मिटून जातो आणि शेजारचा पसरतो. निव्वळ जुगाड. वर्षानुवर्षं हजारो डॅशबोर्ड या जुगाडावर चालले, आणि २०२२.३ या आवृत्तीत 'डायनॅमिक झोन व्हिजिबिलिटी' नावाने ती अधिकृत सोय झाली. सॉफ्टवेअरचा इतिहास लिहायचा असेल तर नुसत्या आवृत्त्यांच्या घोषणा वाचून भागत नाही. लोक कशावर मात करत होते ते बघावं लागतं.

पॉवर बीआय २०१५ मध्ये सर्वांसाठी खुलं झालं. त्याचं पान, माप आपण बदललं नाही तर, १२८० बाय ७२० पिक्सेलचं, आणि त्यावर प्रत्येक व्हिज्युअलची जागा चार आकड्यांत: एक्स, वाय, रुंदी, उंची. हे बघून मला प्लेफेअरचा पत्राच आठवतो. पान खिडकीत बसवायला लहान-मोठं होतं, पण सगळं एकाच प्रमाणात. मोबाईलसाठी वेगळी मांडणी ठेवता येते.

मोबाईलवरून आमच्या तालुक्यातलं एक उदाहरण. साक्री तालुक्यात शिवाजीनगरला महानिर्मितीचा १२५ मेगावॅटचा सौर प्रकल्प आहे, २०१३ पासूनचा. ब्राह्मणवेलच्या डोंगरावर पवनचक्क्यांची रांग. सौर प्रकल्पाच्या एका दिवसाच्या निर्मितीचा आलेखही घंटेसारखाच, सकाळी चढ, दुपारी शिखर, संध्याकाळी उतार. श्रावणात मध्येच ढग आला की रेषेत खड्डा. आता अशा कुठल्याही प्रकल्पाची मिनिटा-मिनिटाची बारा तासांची नोंद घ्या: ७२० बिंदू. भिंतीवरच्या मोठ्या स्क्रीनवर प्रत्येक मिनिटाला एकापेक्षा जास्त पिक्सेल मिळतात. ३६० पिक्सेल रुंदीच्या आलेखात दोन मिनिटांना एक पिक्सेल. एक मिनिटाचा ढग इथे सरासरीत पुसट होतो. आणि आपल्या वीज-ग्रिडचं वेळापत्रक तर पंधरा मिनिटांच्या ९६ भागांचं असतं, त्या हिशोबाने काढलेल्या रेषेत तो ढग जवळपास आलाच नव्हता. चौकट लहान झाली की नुसता कोन बदलत नाही, काही माहिती गळतेही. काय गळणार हे कुणीतरी ठरवतंच. तुम्ही नाही ठरवलं, तर सॉफ्टवेअर ठरवतं.

हे ठरवायची भाषा कुठून आली? त्याचं एक मूळ १९६३ मध्ये सापडतं. आयव्हन सदरलंडने एमआयटीत पीएचडीसाठी 'स्केचपॅड' बनवलं. त्यात रेषा काढून सांगता यायचं की या दोन समांतर राहू देत, ही त्या लांबीची राहू दे, आणि मशीन ती बंधनं पाळून चित्र जुळवायचं. माप सांगायचं नाही, अट सांगायची. १९९० च्या दशकात अशा अटी झटपट सोडवणारी 'कॅसोवेरी' नावाची पद्धत आली (कॅसोवेरी हा ऑस्ट्रेलियाकडचा एक पक्षी). ॲपलने पुढे पडद्यावरची मांडणी लावायला तीच घेतली. वेबवर २०१० मध्ये ईथन मार्कॉटने 'रिस्पॉन्सिव्ह वेब डिझाइन' हा शब्द रूढ केला, आणि मग आलेखांनीही पडद्याप्रमाणे बदलायचं ही अपेक्षा सगळीकडे पसरली.

खानदेशातल्या वाचकाला ही कल्पना समजायला कॅलिफोर्नियाला जायची गरज नाही. पांझरेवरची फड पद्धत आठवा. बंधाऱ्याखालची जमीन फडांमध्ये वाटलेली, आणि एकेका शेतकऱ्याचे तुकडे वेगवेगळ्या फडांत. पाणी कमी पडलं तर प्रत्येकाचं पाणी थोडं थोडं कापून सगळीच पिकं अर्धमेली करत नाहीत. एखादा फड त्या हंगामापुरता कोरडा ठेवतात, बाकीचे नीट भिजवतात, आणि तुकडे विखुरलेले असल्यामुळे तोटा सगळ्यांत वाटला जातो. चांगली रिस्पॉन्सिव्ह मांडणी अशीच चालते. जागा कमी झाली तर अक्षरं, रेषा, पट्ट्या सगळं बारीक करायचं नाही. काय पूर्णपणे सोडायचं आणि काय जसंच्या तसं राखायचं, ते आधी ठरवून ठेवायचं. उपमा ताणू नका, पण पाटकऱ्याला हा प्रश्न डिझायनरच्या आधी पडलेला होता.

आता थेट तुमच्या कामाचं. पायथनमध्ये मॅटप्लॉटलिब बसवताना पाठोपाठ 'किवीसॉल्व्हर' नावाचं पॅकेज उतरताना दिसतं. तुम्ही मागितलेलं नसतं. ती कॅसोवेरीचीच एक आवृत्ती आहे, आणि कन्स्ट्रेन्ड लेआउट वापरलात की आलेखांच्या चौकटी तीच जुळवते. चौकटीचं माप तुम्ही दिलं नाही तर मॅटप्लॉटलिब ६.४ बाय ४.८ इंच धरतं. जुन्या, २.० च्या आधीच्या आवृत्तीत ते ८ बाय ६ होतं. आरमध्ये तर आणखी गंमत: जीजीसेव्हला माप दिलं नाही, तर त्या क्षणी तुमच्या पडद्यावर आलेखाची खिडकी जेवढी असेल तेच माप ते घेतं. म्हणजे कोड तोच, डेटा तोच, पण तुमच्या लॅपटॉपवर प्लेग टेकडी आणि गाईडच्या कॉम्प्युटरवर भिंत. म्हणून प्रत्येक आलेखाची रुंदी-उंची कोडमध्येच लिहा, आणि एकमेकांशी तुलना करायचे आलेख असतील तर माप आणि अक्ष दोन्ही सारखे ठेवा. प्रबंधात 'झपाट्याने', 'सावकाश', 'अचानक' हे शब्द लिहिण्याआधी तोच आलेख दुसऱ्या एका प्रमाणात काढून बघा. शब्द टिकला तर ठेवा. नाही टिकला तर उताराचा आकडा लिहा, दर आठवड्याला १३७ असा. तो चौकट बदलली तरी बदलत नाही.

आणि ज्यांना या विषयाच्या इतिहासातच काम करायचं असेल त्यांच्यासाठी: साधनं तुमच्या पेनड्राइव्हमध्ये पडलेली आहेत. कुठल्याही एक्सेल फाईलची एक प्रत करा, नावाच्या शेवटचं एक्सएलएसएक्स काढून झिप लिहा आणि उघडा. आत ड्रॉइंग्ज नावाचा फोल्डर असतो. त्यातली फाईल नोटपॅडमध्ये उघडली की आलेखाची जागा शब्दांत लिहिलेली दिसते: दोन सेलना बांधलेला, एका सेलला बांधलेला, की मोकळा. रिपोर्टिंग सर्व्हिसेसची फाईल तर सरळ मजकूरच असते, डायनॅमिक हाइटचं सूत्र असेल तर तेही त्यात वाचता येतं. जुन्या ऑफिसांच्या हार्डडिस्कवर अशा हजारो फाइली आहेत, आणि चौकट कुठे माणसाने ठरवली आणि कुठे ती आपोआप ठरली, हे त्यांत ओळीने नोंदलेलं आहे.